वेस्टगेटच्या अब्दुल हाजीची अर्धीच गोष्ट का सांगता?

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार. गेल्या काही दिवसांत आपल्या पेपरात 'वाचकांचा पत्रव्यवहार'मध्ये दोनतीन पत्रं आली, सगळ्यांचा सूर साधारण एकच, की सामान्य माणसाला बंदुकीचं लायसन्स सहज मिळालं पाहिजे, म्हणजे अतिरेकी आले तर लोक जागच्या जागी त्यांचा निकाल लावतील. एका पत्रात तर केनियातल्या नैरोबीच्या वेस्टगेट मॉलचं उदाहरण होतं. अब्दुल हाजी नावाचा एक माणूस नुसतं पिस्तूल घेऊन आत घुसला आणि त्याने लोकांना बाहेर काढलं, बघा, आपल्याकडे असे हजार लोक असते तर. उदाहरण खरं आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ते इतकं अर्धवट सांगितलंय की वाचून राहवलं नाही म्हणून हे पत्र. थोडं लांबलंय, कापायचं तर कापा, फक्त मधला भाग कापू नका.

आधी काय झालं ते नीट सांगतो कारण बऱ्याच जणांना त्यातला फक्त तो एक फोटो माहितेय, पळत येणारी लहान मुलगी आणि तिच्याकडे हात पुढे केलेला हाजी. २१ सप्टेंबर २०१३, शनिवार, दुपारी साडेबाराच्या सुमारास सोमालियातल्या अल-शबाब संघटनेचे अतिरेकी नैरोबीच्या वेस्टलँड्स भागातल्या वेस्टगेट मॉलमध्ये शिरले. हातात एके बनावटीच्या रायफली आणि ग्रेनेड. सुट्टीचा दिवस, जेवायची वेळ, मॉल गच्च भरलेला. वरच्या मोकळ्या पार्किंगमध्ये मुलांची कुकिंगची स्पर्धा चालू होती, म्हणजे तिथे मुलं आणि त्यांचे आईबाप. तिथेही गोळीबार झाला. एकूण ६७ लोक गेले. घानाचे मोठे कवी कोफी अवूनोर नैरोबीत साहित्य महोत्सवासाठी आले होते, ते त्यात गेले. केनियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष उहुरू केन्याटा यांचा भाचा आणि त्याची होणारी बायको गेली. भारतीय वंशाचे कितीतरी लोक त्यात होते, तो भागच तसा आहे, आसपास गुजराती घरं भरपूर.

आता हाजी. अब्दुल हाजी हा नैरोबीतला व्यावसायिक, पोलिसात नाही, सैन्यात नाही. त्या दुपारी तो मॉलमध्ये नव्हताच, हेसुद्धा बऱ्याच जणांना माहीत नसतं. तो दुसरीकडे होता आणि त्याला भावाचा मेसेज आला, की मी वेस्टगेटमध्ये अडकलोय, अतिरेकी हल्ला वाटतोय, माझ्यासाठी प्रार्थना कर, साधारण असा. हा भाऊ दहशतवादविरोधी कामात होता, त्याला आधी धमक्या येऊन गेलेल्या, त्यामुळे हाजीला पहिल्यांदा वाटलं की हे भावालाच मारायला आलेत. त्याच्याकडे परवान्याचं पिस्तूल होतं आणि ते तेव्हा त्याच्याजवळच होतं. तो तडक निघाला.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. हाजीचे वडील मोहम्मद युसुफ हाजी हे केनियाचे माजी संरक्षणमंत्री. ऑक्टोबर २०११मध्ये केनियाचं सैन्य अल-शबाबच्या मागावर सोमालियात घुसलं तेव्हा संरक्षण खातं त्यांच्याकडे होतं. आणि अल-शबाबने वेस्टगेटचं कारण काय दिलं, तर सोमालियात तुमचं सैन्य आहे त्याचा बदला. म्हणजे हा माणूस मॉलच्या दारात उभा होता तेव्हा तो अल-शबाबच्या नजरेत कोणीतरी वाटसरू नव्हता. त्याचं आडनाव जरी आत कुणाला कळलं असतं तरी काय झालं असतं याची कल्पना करा. त्याला हे माहीत नसेल असं होऊच शकत नाही. तरी गेला.

पण गेला म्हणजे कसा गेला. पिक्चरमध्ये दाखवतात तसा दार लाथेने उघडून गोळ्या झाडत नाही गेला. तिथे पोचल्यावर त्याला साध्या कपड्यातले काही पोलीस भेटले, रेडक्रॉसची माणसं भेटली, त्याच्यासारखेच लायसन्सवाले एकदोन जण भेटले. कोणी कुणाला ओळखत नाही, कोणाचा कोणी साहेब नाही, वायरलेस नाही, बुलेटप्रूफ जाकिटं नाहीत. हे लोक वरच्या पार्किंगच्या बाजूने आत गेले आणि तिथे जे समोर आलं ते त्याने नंतर टीव्हीवर सांगितलंय, मुलं, बायका, म्हातारी माणसं जमिनीवर पडलेली. त्यांचं पहिलं काम ठरलं ते जखमींना बाहेर काढायचं. रेडक्रॉसचे लोक स्ट्रेचर घेऊन पुढे आणि पिस्तूलवाले त्यांच्या बाजूला, कोणी आलं तर अडवायला. मग एकेक दुकान, एकेक मजला. दुकानाच्या बंद शटरमागे, स्टोअररूममध्ये, बाथरूममध्ये लोक श्वास रोखून बसलेले, त्यांना हाक मारायची, आम्ही मारायला आलेलो नाही हे पटवायचं (हे किती अवघड असेल, साध्या कपड्यातला पिस्तूलवाला माणूस दारावर टकटक करतोय आणि म्हणतोय बाहेर या, तुम्ही आला असता का?), आणि मग त्यांना ज्या वाटेने आपण आलो त्या वाटेने पळवायचं.

मध्ये खालच्या मजल्यावरच्या अतिरेक्यांशी गोळीबारही झाला. हाजीने सांगितलंय की त्यातला एक जण त्यांना चिडवत होता, या ना, या, असं. सोबतच्या एकाच्या पोटात गोळी लागली. त्याला ओढून बाहेर न्यावं लागलं. आता सरळ विचार करा, भाऊ आत अडकलाय, तो जिवंत आहे की नाही माहीत नाही, समोरचा माणूस हसून बोलावतोय, हातात पिस्तूल आहे. रागाच्या भरात पुढे धावायला इतकं पुरे होतं. तो नाही धावला. मला विचाराल तर त्या दिवसातली त्याची सगळ्यात मोठी हिंमत इथे आहे, त्या चिडवण्याला उत्तर न देण्यात, पण याचा फोटो निघत नाही त्यामुळे याबद्दल कोणी लिहीत नाही.

मग तो फोटो. तळमजल्यावर एका टेबलाच्या आडोशाला एक बाई लपलेली यांना दिसली. बाईंना बाहेर यायची खूण केली तर त्यांनी सांगितलं की माझ्याजवळ तीन मुलं आहेत, तिघांना एकदम उचलून मी पळू शकत नाही. खरंच होतं, सगळ्यात लहान बाळ वर्षभराचं, मधली दोन वर्षांची आणि मोठी चार. सुपरमार्केटच्या बाजूला अतिरेकी असल्याचं यांना माहीत होतं, मधली जागा उघडी. हाजीने सांगितलं, मोठीला आमच्याकडे पळत पाठवा. आणि ती चार वर्षांची पोर खरंच निघाली, एकटी, उघड्या जागेतून, एका अनोळखी बंदूकवाल्या माणसाच्या दिशेने. रॉयटर्सचा फोटोग्राफर गोरान तोमाशेविच हा मॉलमध्ये त्यांच्याबरोबरच होता, त्याने तो क्षण टिपला, मुलगी पळत येतेय आणि हाजीने तिच्याकडे हात पुढे केलाय. मागून बाकीच्यांनाही काढलं. त्या बाईंची दोन मोठी मुलं सुपरमार्केटच्या बाजूला वेगळी अडकलेली, ती पण वाचली. हाजीला नंतर त्या मुलीबद्दल विचारलं की तो तिच्याच धीराचं कौतुक करत बसायचा.

आता माझा मुद्दा. या सगळ्यात पिस्तुलाने नेमकं काय केलं ते मोजा. पिस्तुलाने एकाही अतिरेक्याचा निकाल लावला नाही. हाजीने किती अतिरेकी मारले असं कोणी विचारलं तर उत्तर शून्य आहे आणि त्याने कधी तसा दावाही केलेला नाही. पिस्तुलाने केलं एवढंच की समोरच्याला डोकं वर काढायला भीती वाटली आणि तेवढ्या काही सेकंदांत स्ट्रेचर कोपरा पार झालं. याला कव्हर देणं म्हणतात. धान्याच्या शेतात बुजगावणं जे करतं त्याच्या जवळपासचं काम आहे ते, फरक इतकाच की हे बुजगावणं खरोखरचा माणूस होता आणि समोरच्यांना ते माहीत होतं. एके रायफलीच्या मॅगझिनमध्ये ३० गोळ्या असतात, ती तीनेकशे मीटरपर्यंत नीट मारा करते. पिस्तूल पन्नास मीटरवर म्हणजे डोक्यावरून पाणी, तेही शांतपणे रेंजवर उभं राहून. खऱ्या गोळीबारात हात कापतो, श्वास फुलतो, कान बधिर होतात. न्यूयॉर्कच्या पोलिसांच्या १९९८ ते २००६ या काळातल्या गोळीबारांचा अभ्यास झालेला आहे, समोरून गोळ्या येत असताना पोलिसांच्या शंभरातल्या फक्त १८ गोळ्या लागल्या. हे पगारी, ट्रेनिंग घेतलेले पोलीस बरं का. उरलेल्या ८२ कुठे गेल्या? भिंतीत, काचेत, गाडीत, आणि गर्दीची जागा असेल तर कुणाच्या तरी अंगात.

त्यामुळे 'असे हजार लोक असते तर' हे वाक्य मला कळतच नाही. हाजीसारखे हजार असते तर चांगलंच आहे. हाजीसारखं पिस्तूल असलेले हजार असते तर तो मॉल आतून आणखी जास्त फुटला असता.

आणि ही नुसती कल्पना नाही, तिथे पुढे जे झालं त्यातच याचं उत्तर आहे. हाजी आणि बाकीचे आत होते ते तास सरकारच्या गैरहजेरीचे तास होते. दुपारी साडेबाराला हल्ला, आणि केनियाच्या जनरल सर्व्हिस युनिट या निमलष्करी पोलीस दलाची 'रेकी' नावाची खास तुकडी आत शिरेपर्यंत चार वाजायला आले. साडेतीन तास! मग सैन्यही आलं. दोघांचा एकमेकांशी संपर्क नाही, कोण कुठे आहे पत्ता नाही, आणि सैन्याच्या गोळीने त्या रेकी तुकडीचाच कमांडर मारला गेला. युनिफॉर्ममधला, हत्यारबंद, प्रशिक्षित, सरकारी माणूस, आपल्याच माणसांच्या गोळीने. पोलिसांची तुकडी चिडून बाहेर आली आणि आतल्यांना सावरायला वेळ मिळाला. वेढा २४ तारखेपर्यंत चालला. मागचा पार्किंगचा भाग कोसळला. नंतर सैनिक दुकानांतून पिशव्या भरून नेताना सीसीटीव्हीत दिसले, त्याची केनियात जी छीथू व्हायची ती झालीच, त्यात मी जात नाही.

अतिरेकी किती होते? सरकारने सुरुवातीला सांगितलं दहा ते पंधरा. कॅमेऱ्यात दिसले चार. चार! चार माणसं दहापंधरा वाटत होती कारण मॉलमध्ये आवाज घुमतो, लोक पळताना ज्याला बघतील त्याला मोजतात आणि साध्या कपड्यात हातात हत्यार घेतलेले इतरही लोक फिरत होते. चारपाच स्वयंसेवक होते तर हा घोळ. पन्नास लायसन्सवाले खिशातून पिस्तूल काढून पळत असते तर त्या अर्धवट अंधारात आत शिरणाऱ्या जवानाने कोणाला मारायचं आणि कोणाला सोडायचं? आणि त्या पन्नासांनी एकमेकांना कसं ओळखायचं?

ज्यांना हे पुस्तकी वाटतं त्यांच्यासाठी जेरुसलेमचं सांगतो. ३० नोव्हेंबर २०२३ला सकाळी तिथे बसस्टॉपवर दोन हल्लेखोरांनी गोळीबार केला. रस्त्याच्या पलीकडून गाडीने जाणारा एक वकील, लायसन्सवालं पिस्तूल जवळ, गाडी थांबवून रस्ता ओलांडून धावला आणि त्याने हल्लेखोरांवर गोळ्या झाडल्या. मग तिथे आलेल्या सैनिकांना तोच हल्लेखोर वाटला. त्याने पिस्तूल फेकलं, गुडघ्यावर बसला, हात वर केले, अंगावर बॉम्ब नाही हे दिसावं म्हणून जॅकेट उघडून दाखवलं. तरी त्याला गोळी घातली आणि तो गेला. अमेरिकेत कोलोराडोतल्या अरवाडा गावात जून २०२१मध्ये एका बंदूकधाऱ्याने पोलिसाला मारलं, एका सामान्य माणसाने आपल्या पिस्तुलाने त्या बंदूकधाऱ्याला पाडलं आणि नंतर आलेल्या पोलिसाने याच माणसाला गोळी घातली कारण याच्या हातात त्या वेळी हल्लेखोराची रायफल होती. दोन्ही माणसं हाजीइतकीच शूर. त्यांनी चूक अशी काहीच केली नव्हती. हाजी जिवंत घरी परतला आणि हे दोघं परतले नाहीत, यात हाजीच्या हुशारीचा भाग आहे, तो एकटा नव्हता, सोबत पोलीस होते, त्यांना कळत होतं हा आपला आहे. पण नशिबाचा भाग पण मोठा आहे आणि तो कोणी कबूल करत नाही.

हे लिहितोय म्हणजे मी बंदुकीच्या लायसन्सच्या विरोधात आहे असं कोणी समजू नये. ज्याला गरज आहे त्याला मिळावं, कायदा आहे, स्वसंरक्षणाचा हक्क आहे, आणि आपल्याकडे २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात हेही ठीकच आहे. माझं भांडण हाजीच्या नावावर हे दुकान मांडण्याशी आहे.

हाजीबद्दलची आणखी एक गोष्ट मला खुपते. तो फोटो फिरतो तेव्हा खाली हमखास लिहिलेलं असतं की बघा, हासुद्धा मुसलमान आहे. वेस्टगेटमध्ये अतिरेक्यांनी लोकांना कलमा म्हणायला लावला, धर्माचे प्रश्न विचारले, ज्यांना सांगता आलं त्यांना सोडलं, बाकीच्यांना मारलं, हे खरं आहे. हाजी मुसलमान आहे, सोमाली वंशाचा केनियन आहे, हेही खरं आहे. त्याने स्वतः सांगितलंय की या लोकांचा धर्माशी संबंध नाही. पण आपण ते वाक्य ज्या टोनमध्ये टाकतो ना, ते सर्टिफिकेट दिल्यासारखं असतं. जणू त्याने तो धोका आपल्याकडून चांगल्या वागणुकीचा दाखला मिळावा म्हणून पत्करला. सर्टिफिकेटचं पुढे काय होतं तेही बघा. वेस्टगेटनंतर सातेक महिन्यांत, एप्रिल २०१४मध्ये, केनियाच्या सरकारने नैरोबीच्या ईस्टली भागात धाडी घालून हजारो सोमाली लोकांना धरलं आणि कासारानी स्टेडियममध्ये नेऊन ठेवलं. हाजीच्याच समाजाचे लोक. मॉलमधल्या हिरोचा फोटो घराघरात, आणि त्याच चेहऱ्यामोहऱ्याची माणसं स्टेडियममध्ये कागदपत्रं दाखवत बसलेली.

उलट २१ डिसेंबर २०१५ला मंडेराजवळ अल-शबाबने बस अडवली आणि मुसलमान एका बाजूला, ख्रिश्चन दुसऱ्या बाजूला व्हा म्हणून सांगितलं, तेव्हा बसमधल्या मुसलमान प्रवाशांनी वेगळं व्हायला नकार दिला. बायकांनी आपले स्कार्फ ख्रिश्चन बायकांना दिले. एक शिक्षक त्यात गोळी लागून नंतर वारले. यातल्या कुणाच्या हातात काही नव्हतं. वेस्टगेटची गोष्ट सांगणारा माणूस ही बस कधी सांगत नाही, कारण यात पिस्तूल नाही.

वेस्टगेटमध्ये हाजी एकटा नव्हता हे पण लोक विसरतात. पहिल्या काही मिनिटांत जे लोक आत गेले त्यात भारतीय वंशाचे केनियन होते, शेजारच्या वस्तीच्या गस्त मंडळातले, लायसन्सवाले, रोज संध्याकाळी आपापल्या गल्लीत फेरी मारणारे दुकानदार वगैरे माणसं. त्यांचे आपसात फोन होते, एकमेकांचे चेहरे माहीत होते, पोलीस स्टेशनातल्या लोकांशी ओळख होती, आणि त्याचा जितका उपयोग झाला तितका हत्याराचा नसेल झाला असं माझं मत. (केनियाने २०१७मध्ये भारतीय वंशाच्या लोकांना देशाची ४४वी जमात म्हणून मान्यता दिली. त्याला कारणं बरीच होती, पण वेस्टगेट आठवल्याशिवाय मला ती बातमी वाचताच आली नव्हती.) साध्या कपड्यातले ते पोलीस, ते तर वरून आदेश यायची वाट न बघता गेले. रेडक्रॉसच्या पोरांकडे तर काहीच नव्हतं, फक्त अंगात ते लाल चिन्हाचं जाकीट. पिस्तूलवाल्याच्या मागे चालायला हिंमत लागते, पण पिस्तूलवाल्याच्या पुढे स्ट्रेचर घेऊन चालायला किती लागत असेल?

आपल्याला हे मुंबईकडून कळायला हवं होतं. २६ नोव्हेंबर २००८ला सीएसटीवर रेल्वे सुरक्षा दलाच्या एका हवालदाराने दुसऱ्याच्या हातातली जुनी थ्री-नॉट-थ्री घेऊन कसाब आणि त्याच्या साथीदारावर फायर केलं, ते जागचे हलले. त्याच स्टेशनवर वरच्या केबिनमध्ये बसून विष्णू झेंडे माइकवरून सांगत राहिले की त्या बाजूला जाऊ नका, मागच्या बाजूने बाहेर पडा, आणि लोक वळले. तुकाराम ओंबळ्यांनी गिरगाव चौपाटीला काय केलं ते शाळेतल्या पोराला पण माहितेय, हातात काठी होती आणि रायफलीची नळी धरून ठेवली. तिघांपैकी कोणाचं हत्यार समोरच्याच्या तोडीचं होतं? एकाचंही नाही, आणि झेंड्यांकडे तर माइक.

आता कोणी म्हणेल की मग काय करायचं, मरायचं का पोलीस येईपर्यंत. नाही. केनियानेच उत्तर शोधलं, निदान शोधायला सुरुवात केली. १५ जानेवारी २०१९ला नैरोबीतच दुसित-डी-टू हॉटेलवर परत अल-शबाबचा हल्ला झाला. २१ लोक गेले, वाईटच, पण या वेळी साडेतीन तासांचा तो खड्डा नव्हता. पोलीस आणि खास तुकड्या लवकर आत गेल्या, एकत्र काम केलं, आणि सातशेच्या वर लोक बाहेर काढले. दुसऱ्या दिवशी सकाळी संपलं. तिथेही ड्यूटीवर नसलेले, साध्या कपड्यातले हत्यारबंद लोक आत गेले होते, एक ब्रिटिश सैनिक तर जगभरच्या पेपरात झळकला. पण त्यांच्या पाठीशी उभी राहायला यंत्रणा होती. वेस्टगेटला हाजीच्या पाठीशी भिंत सोडून काही नव्हतं.

माझी मागणी काय म्हणाल तर लायसन्स स्वस्त करा ही नाहीच. मॉल, स्टेशन, थिएटर इथे काम करणाऱ्या सगळ्यांना, म्हणजे सिक्युरिटीवालाच नाही तर सेल्सगर्ल, झाडूवाला, पार्किंगवाला, सगळ्यांना मागची दारं माहीत असावीत आणि ती कुलूप लावून ठेवलेली नसावीत. रक्तस्राव कसा दाबायचा हे शिकवावं, कारण अशा हल्ल्यात पुष्कळ लोक गोळीने जागच्या जागी जात नाहीत तर अँब्युलन्स बाहेर अडकल्यामुळे रक्त जाऊन जातात. आणि ज्यांच्याकडे लायसन्स आहे त्यांना हे स्पष्ट शिकवावं की पोलीस आले की हत्यार जमिनीवर, हात वर, बोटं पसरलेली, आणि जे सांगतील ते ऐकायचं. पोलिसांना पण शिकवावं की हात वर केलेला माणूस दिसला तर काय करायचं. जेरुसलेमच्या त्या वकिलाने आपल्या बाजूचं सगळं केलं होतं.

हाजीचं पुढे काय झालं असं काही जण विचारतात. भाऊ सुखरूप बाहेर आला. हाजीला लोकांनी हिरो केलं तर तो म्हणत राहिला की माझ्या जागी कोणीही केनियन असता तरी त्याने हेच केलं असतं. हे मला काही पटत नाही, बहुतेक लोकांनी नसतं केलं आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पळणं हेही शहाणपणाचंच काम आहे. वडील फेब्रुवारी २०२१मध्ये वारले, ते गारिसाचे सेनेटर होते, त्यांच्या जागेवर हाजी बिनविरोध सेनेटर झाला. गारिसा म्हणजे तेच गाव जिथे एप्रिल २०१५मध्ये अल-शबाबने युनिव्हर्सिटीत घुसून १४८ जणांना मारलं. तिथेही कमांडोंची खास तुकडी नैरोबीहून पोचायला दुपार उलटली होती, वेस्टगेटला दीड वर्ष होऊन गेलेलं असताना.

तेव्हा संपादक साहेब, एक विनंती. तो फोटो आपल्या पेपरात परत कधी छापलात तर खाली फक्त 'धाडसी नागरिक' एवढं टाकू नका. खास तुकडी किती वाजता पोचली ते पण टाका, स्ट्रेचरवाले कोण होते ते टाका. आणि ज्यांनी ते पत्र लिहिलंय त्यांना माझा नमस्कार कळवा, त्यांचा हेतू चांगलाच आहे याबद्दल शंका नाही. त्यांना उत्तर द्यायचं असेल तर त्यांनी खुशाल द्यावं, फक्त ते पन्नास लायसन्सवाले एकमेकांना ओळखणार कसे, तेवढ्या एका प्रश्नाचं आधी द्यावं.

आपला,
एक नियमित वाचक